झटका आधी पोचला, भूल मागून आली

शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात कुणाला आकडी आली की काय धावपळ उडते, हे तिथल्या प्रत्येकाने लहानपणापासून पाहिलेलं असतं. एक जण कांदा फोडून नाकाशी धरतो, दुसरा पायातली चप्पल काढून हुंगवतो, तिसरा दातखीळ उघडायला चमचा शोधतो. (कांद्याने आणि चपलेने काहीही होत नाही, चमच्याने दात मात्र तुटतात. माणसाला कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काही ठेवायचं आणि वाट पाहायची, एवढंच हाती असतं.) म्हशाच्या जत्रेत असो की किन्हवलीच्या बाजारात, कुणी फेफरं येऊन पडला की आया पोरांना मागे ओढतात. लग्न जुळवताना घरातली आकडी लपवली जाते. अशा मुलखात डॉक्टर जर म्हणाले, की तुमच्या मुलाला बरं करायला आम्ही त्याला मुद्दाम आकडी आणणार आहोत, तर आईबापांच्या पायाखालची जमीन सरकणारच.

आणि तरी शॉक ट्रीटमेंट म्हणतात ती नेमकी हीच. वीज हे त्यातलं साधन आहे. मेंदूत जी आकडी उठते, तिच्यावर मुख्य भिस्त असते. हे माणसाला कसं सुचलं, आणि सुचल्यावर त्याचं काय झालं, ती हकिकत बुडापेस्टपासून सुरू होते.

विसाव्या शतकाच्या तिशीत वेड्यांची इस्पितळं म्हणजे माणसं ठेवण्याच्या जागा होत्या. बरं करणारं औषध नव्हतंच. व्हिएन्नात वाग्नर-याउरेग या डॉक्टरने त्याआधी उपदंशातून आलेल्या वेडावर हिवतापाचा ताप चढवून पाहिला होता आणि १९२७चं नोबेल मिळवलं होतं. त्याच शहरात मॅनफ्रेड साकेल इन्सुलिन टोचून रुग्णाला बेशुद्धीत नेत होता. एका दुखण्याने दुसरं दुखणं हटवावं, अशी ती हवा होती. बुडापेस्टमधला लाडिस्लास मेडुना मेंदूचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहत असे. त्याला वाटलं, आकडीने मेलेल्यांच्या मेंदूत चेतापेशींना आधार देणाऱ्या ग्लिया पेशींची दाटी असते आणि स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांत त्या विरळ असतात. म्हणजे ही दोन दुखणी एकमेकांची वैरी असणार. मग वेड्याला आकडी आणली तर वेड पळेल का?

आकडी आणायची कशाने? मेडुनाने बरीच विषं जनावरांवर तपासली आणि शेवटी हात घातला तो कापराला. आपल्या आरतीच्या तबकात जळतो तोच कापूर, तेलात विरघळवून स्नायूत टोचायचा. युरोपातल्या वैद्यांनी शेकडो वर्षांपूर्वीही वेडावर कापूर दिल्याच्या नोंदी आहेत, पण ते सगळं विस्मरणात गेलं होतं.

२३ जानेवारी १९३४. बुडापेस्टच्या लिपोटमेझो इस्पितळात तिशीतला एक माणूस चार वर्षं पुतळ्यासारखा पडून होता. बोलत नव्हता, हलत नव्हता, नळीने भरवावं लागत होतं. त्याला कापराचं इंजेक्शन दिलं. मेडुना शेजारी थांबला. पाऊण तास काहीच घडलं नाही. मग एकदम शरीर ताठ झालं आणि आकडी सुरू झाली. ती जेमतेम मिनिटभर टिकली, पण ती संपल्यावर मेडुनाचेच पाय इतके लटपटले की त्याला धरून खोलीत न्यावं लागलं. त्याने तरीही थोड्या थोड्या दिवसांनी पुढची इंजेक्शनं दिली. पाचव्यानंतर एका सकाळी तो रुग्ण अंथरुणातून उठला, कपडे घातले, न्याहारी मागितली आणि आपण इथे किती दिवस आहोत असं विचारू लागला. चार वर्षं, हे उत्तर त्याला खरं वाटेना.

ही गोष्ट मेडुनाने स्वतः सांगितलेली. तिचा उत्तरार्ध कळायला सत्तरेक वर्षं लागली. हंगेरीतल्या संशोधकांनी त्या रुग्णाचे जुने कागद धुंडाळले तेव्हा दिसलं, की सुधारणा टिकली नव्हती. तो माणूस इस्पितळातून कधीच घरी गेला नाही. १९४५ मध्ये तिथेच वारला. आणि ज्या पायावर हे सगळं उभं होतं, ते आकडी आणि वेडाचं वैर, तेही खरं नव्हतं. आकडीच्या रुग्णांनाही वेडाचे झटके येतात, हे पुढे पुरतं सिद्ध झालं. चुकलेल्या तर्काने मेडुना एका खऱ्या दाराशी पोचला होता.

कापूर लहरी होता. आकडी कधी येईल याचा नेम नसे. म्हणून मेडुनाने कार्डियाझॉल नावाचं औषध शिरेतून द्यायला सुरुवात केली. त्याने आकडी हमखास येई, पण सुई टोचल्यापासून शुद्ध हरपेपर्यंतच्या काही क्षणांत रुग्णाला मरणाची अशी धास्ती वाटे की पुढच्या वेळी तो पाय रोवून उभा राही. याच घटकेला रोममध्ये उगो चेर्लेत्ती विजेचा विचार करत होता.

चेर्लेत्तीला आकडीने मेंदूत काय बदल होतो ते पाहायचं होतं, म्हणून तो कुत्र्यांना विजेने आकडी आणत असे. एक तार तोंडात, दुसरी गुदद्वारात. पुष्कळ कुत्रे मरत. त्याचा तरुण सहकारी लुचो बिनी याच्या लक्षात आलं की विजेचा रस्ता हृदयातून जातो आहे. दोन्ही तारा कानशिलांवर लावल्या तर? पण माणसाच्या डोक्यातून वीज सोडायची म्हटल्यावर सगळ्यांचेच हात थांबले. तेव्हा चेर्लेत्तीला कुणीतरी सांगितलं की रोमच्या कत्तलखान्यात डुकरं विजेने मारतात. तो बघायला गेला. तिथे खाटीक मोठ्या चिमट्याने डुकराच्या कानशिलांवर सुमारे सव्वाशे व्होल्टचा झटका देत. डुक्कर आकडी येऊन पडे आणि मग त्याचा गळा चिरला जाई. मारत होती ती सुरी. ज्या डुकरावर सुरी फिरत नसे ते थोड्या वेळाने उठून चालू लागे. चेर्लेत्तीने तिथेच वेगवेगळ्या वेळा लावून झटके दिले आणि मरण यायला किती जास्त वीज लागते ते मोजलं. आकडीची मात्रा आणि मरणाची मात्रा यांत मोठं अंतर होतं.

एप्रिल १९३८ मध्ये रोमच्या रेल्वे स्थानकावर पोलिसांना एक माणूस भटकताना सापडला. वय ३९, मिलानचा इंजिनिअर. स्वतःच घडवलेल्या शब्दांत बोलत होता, ते कुणाला कळत नव्हते. नातेवाईक जवळ नाहीत, संमतीचा प्रश्न कुणी काढला नाही. पोलिसांनी त्याला चेर्लेत्तीच्या क्लिनिकमध्ये पाठवलं. बिनीने बनवलेलं यंत्र तयार होतं. पहिला झटका ८० व्होल्टचा, क्षणाचाही अंश. अंग दचकलं, पण आकडी आली नाही. उलट तो माणूस मोठ्याने गाऊ लागला. आता उद्या पाहू, अशी कुजबुज सुरू झाली, आणि तेवढ्यात तो रुग्ण, ज्याच्या तोंडून इतके दिवस अर्थाचा शब्द निघाला नव्हता, स्वच्छ इटालियनमध्ये बोलला: पुन्हा नको, याने जीव जाईल.

इथे मला थांबावंसं वाटतं. सगळ्या वादाचं बीज या वाक्यात आहे. माणूस नाही म्हणाला होता. त्याचं ‘नाही’ हेच तर त्याच्या शुद्धीचं पहिलं लक्षण होतं, आणि ते ऐकूनच डॉक्टरांनी पुढचा झटका दिला, या वेळी ११० व्होल्टचा. आकडी आली, श्वास थांबला, चेहरा निळा पडला, खोलीतले सगळे सेकंद मोजत राहिले. मग एक लांब श्वास आला. तो माणूस उठून बसला, शांतपणे इकडेतिकडे पाहू लागला. काय झालं असं विचारल्यावर म्हणाला, कदाचित झोप लागली असावी. आणखी काही झटक्यांनंतर जूनमध्ये त्याला घरी सोडलं. काही महिन्यांनी त्याचा आजार उलटला आणि तो पुन्हा इस्पितळात गेला. बुडापेस्टचा आणि रोमचा, दोन्ही पहिले रुग्ण कायमचे बरे झाले नाहीत. तरी त्यांच्या मागून आलेल्या असंख्य रुग्णांत, विशेषतः जीव नकोसा झालेल्या खोल नैराश्यात आणि दगडासारखं थिजवणाऱ्या कॅटाटोनियात, हा उपचार इतर कशानेही लागू पडत नव्हता तिथे लागू पडला. ही दोन्ही वाक्यं एकदम खरी आहेत आणि वादातली बहुतेक माणसं त्यातलं एकच उच्चारतात.

यंत्र स्वस्त होतं, सुटकेसमध्ये मावत होतं. चाळीसच्या दशकात ते भारतातही पोचलं. सोबत भूल आली नाही, कारण सुरुवातीला ती कुठेच नव्हती. शुद्धीवरच्या माणसाला चौघे धरत, दातांत रबर देत आणि बटण दाबत. स्नायू इतक्या जोराने आवळत की पाठीचे मणके दबत, हाडं मोडत.

यावर तोड निघाली ती दक्षिण अमेरिकेच्या जंगलातून. तिथले आदिवासी शिकारीसाठी बाणाला क्युरारे नावाचं विष लावतात. त्याने सावजाचे स्नायू सैल पडतात. १९४० मध्ये ए. ई. बेनेट या अमेरिकन डॉक्टरने तेच अगदी थोड्या प्रमाणात देऊन आकडीतला स्नायूंचा झटका बोथट केला. १९५१-५२ मध्ये स्वीडनच्या होल्मबर्ग आणि थेस्लेफ यांनी सक्सिनिलकोलिन वापरलं, त्याचा असर मिनिटांत ओसरतो. आता झोपेचं औषध, मग स्नायू सैल करणारं औषध, मास्कने ऑक्सिजन आणि मग झटका. एका पायाच्या घोट्यावर रक्तदाबाचा पट्टा आधीच आवळून ठेवतात, म्हणजे ते औषध त्या पावलापर्यंत पोचत नाही. मेंदूत आकडी चालू असताना सगळं शरीर स्वस्थ पडलेलं असतं आणि फक्त त्या पायाची बोटं थरथरतात. पूर्वी चौघांनी धरावा लागणारा देह आणि ही थरथरणारी बोटं यांच्यामध्ये जेमतेम १४ वर्षांचं अंतर आहे. प्रगत देशांपुरतं.

दरम्यान झटक्याला प्रतिस्पर्धी मिळाले. १९५२ मध्ये पॅरिसहून क्लोरप्रोमझीन आलं. दुसरं आपल्याच मातीतलं होतं. सह्याद्रीच्या ओलसर जंगलात उगवणाऱ्या सर्पगंधेचं मूळ वेडावर चालतं असं १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी छापलं होतं. १९४९ मध्ये मुंबईच्या रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबावर तिचा गुण दाखवून जगाचं लक्ष वेधलं, आणि १९५४ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या इस्पितळात नेथन क्लाइनने तिच्यातलं रेसर्पीन मनोरुग्णांना दिल्याचं जाहीर केलं. जंगलातल्या माणसांनी जपलेलं ज्ञान या कथेत दोनदा येतं, एकदा बाणाच्या विषातून आणि एकदा या मुळीतून. तरी शहरातून येणारे अनेक डॉक्टर डोळखांबच्या पाड्यावरच्या भगताकडे फक्त अंधश्रद्धा म्हणून पाहतात. भगताच्या उताऱ्याने स्किझोफ्रेनिया जात नाही, हे खरंच. पण घरच्यांचं ऐकून घेणारा पहिला माणूस बहुतेकदा तोच असतो.

गोळ्या आल्यावर झटका मागे पडला. पाश्चात्त्य देशांत त्याचं नाव आणखी बिघडलं ते दंगा करणाऱ्या रुग्णांना वठणीवर आणायला तो वापरला गेला म्हणून. आपल्याकडे मात्र तो टिकला, कारण गोळ्या महाग होत्या, खाटा कमी होत्या आणि रुग्ण लवकर शांत झाला तर घरी जात असे. भूल देऊन दिलेल्या झटक्याला डॉक्टरी भाषेत मॉडिफाइड म्हणतात, बिनभुलीच्या झटक्याला डायरेक्ट. स्वीडनचा शोध लागून अर्धं शतक उलटल्यावर, एकविसावं शतक उजाडतानाही भारतातल्या अनेक संस्थांत डायरेक्ट झटके दिले जात होते. झटका आपल्यापर्यंत काही वर्षांत आला, भुलीला मात्र दोन पिढ्या लागल्या.

मुख्य कारण, भूलतज्ज्ञ नाही. शहापूर-मुरबाडच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. २०१४ मध्ये पालघर वेगळा झाल्यावर ठाणे जिल्ह्याचं ग्रामीण टोक म्हणजे मुख्यतः हेच दोन तालुके उरले. माळशेजच्या पायथ्याच्या मोरोशीतून किंवा टोकावड्यातून निघालेली बाई मुरबाडला येते. सिझेरियन करायचं तर भूलतज्ज्ञ आहे का, इथपासून सुरुवात असते. जिथे बाळंतिणीला भूल द्यायला माणूस मिळत नाही, तिथे मनोरुग्णाला आठवड्यातून दोन-तीनदा भूल कोण देणार? मग कल्याण, मग लोकल, मग ठाणे. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासूनचं, राज्याच्या अशा चार जुन्या इस्पितळांपैकी एक. शहापूरकर आसनगावहून गाडी पकडतात. सोबत बिथरलेला माणूस असेल तर तो प्रवास काय असतो, ते कसारा लोकलच्या गर्दीत उभं राहिलेल्याला विचारावं.

याच कमतरतेवर वादाची खरी धार आहे. २०१२ मध्ये देशातल्या नामवंत मनोविकारतज्ज्ञांच्या एका गटाने, बंगळूरचे चित्तरंजन अंद्रादे त्यात अग्रणी, लेखी भूमिका मांडली: भूल देऊनच झटका द्यावा हे उत्तम, पण जिथे भूल शक्यच नाही आणि रुग्णाचा जीव धोक्यात आहे, तिथे अपवाद म्हणून डायरेक्ट झटक्याला वाव ठेवा. त्यांच्यापाशी आधार होता. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने दशकभराच्या नोंदी १९९३ मध्ये छापल्या होत्या आणि त्यांत हाडं मोडण्याचं प्रमाण समजलं जात होतं त्यापेक्षा बरंच कमी दिसलं होतं. अन्नपाणी सोडलेला खेड्यातला रुग्ण भूल मिळत नाही म्हणून मरावा, यापेक्षा झटका बरा, असा तो युक्तिवाद. तो क्रूर माणसांचा नव्हता.

समोर होत्या मनोरुग्णांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या पुण्याच्या भार्गवी दावर. त्यांच्या आईने मनोरुग्ण म्हणून इस्पितळं भोगली होती आणि त्या आईच्याच नावाने त्यांनी १९९९ मध्ये बापू ट्रस्ट उभा केला. हाडं किती मोडली हा हिशेबच त्यांना अपुरा वाटत असे. भीतीचं काय, अपमानाचं काय, आणि ज्याच्या डोक्याला तारा लावायच्या त्याला विचारलं का? रोमच्या त्या इंजिनिअरचा प्रश्न पुण्यात पुन्हा उभा राहिला होता. न्यायालयात तर हा वाद आधीच पोचला होता, तो एका आगीनंतर. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्या एरवाडीला, दर्ग्याजवळच्या एका निवाऱ्यात साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत जळून मेले. त्यानंतर ‘सार्थक’ या संस्थेने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला, त्यात डायरेक्ट झटक्यावर बंदीचीही मागणी होती.

निर्णायक उत्तर संसदेने दिलं. २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याचं ९५ वं कलम सांगतं: भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय झटका द्यायचा नाही. अठरा वर्षांखालच्यांना द्यायचा नाही, आणि अगदीच गरज पडली तर पालकांची संमती आणि मानसिक आरोग्य मंडळाची आगाऊ परवानगी हवी. त्याच कलमात मनोरुग्णाला साखळीने बांधण्यालाही मनाई आहे. तातडीच्या उपचारात, म्हणजे संमती घ्यायला वेळ नाही अशा सबबीखाली, झटका देताच येत नाही. मला हा कायदा बरोबर वाटतो. भूलतज्ज्ञ नाही म्हणून माणसाला शुद्धीत झटका द्यायचा, याचा अर्थ मुरबाडच्या मणक्याची किंमत दादरच्या मणक्याहून कमी धरायची. पण बंदी घालून सरकारची जबाबदारी संपत नाही. तालुक्याला भूलतज्ज्ञ मिळाला नाही, तर कायद्याने ज्याचं रक्षण केलं त्याच माणसाच्या हातून उपचारही निसटतो, आणि तेव्हा २०१२च्या त्या डॉक्टरांची भीती खरी ठरते.

मग उपचार खरोखर चालतो का? २००३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात जुन्या चाचण्यांची बेरीज छापली गेली. त्यांतल्या सहा चाचण्यांत, एकूण २५६ रुग्णांत, काहींना भूल देऊन झटका दिला होता आणि काहींना नुसतीच भूल. रुग्णाला फरक कळत नव्हता. झटका मिळालेले नैराश्यातून अधिक सावरले. २०१९ मध्ये जॉन रीड आणि इर्विंग कर्श या संशोधकांनी त्याच जुन्या चाचण्या पुन्हा उसवल्या आणि त्या लहान आहेत, ढिसाळ आहेत, त्यांच्यावर विसंबता येत नाही असा निकाल दिला. १९८५ नंतर अशी चाचणी कुणी केलेली नाही, कारण मरणाच्या दारात असलेल्या रुग्णाला भूल देऊन नुसतंच उठवायचं, हे बहुतेक डॉक्टरांना पटत नाही.

मधल्या काळात हॅरॉल्ड सॅकाइम या संशोधकाने आणखी एक धक्का दिला होता. १९८७ आणि १९९३च्या त्याच्या अभ्यासांत दिसलं, की डोक्याच्या एकाच बाजूला अगदी कमी मात्रा दिली तर आकडी पुरेपूर येते, गुण मात्र फारसा येत नाही. म्हणजे आकडी हेच औषध, हे मेडुना-चेर्लेत्तीचं सूत्रही अपुरं ठरलं. विजेची मात्रा आणि तिची जागा यांनाही महत्त्व आहे. त्याच सॅकाइमने २००७ मध्ये न्यूयॉर्कच्या सात रुग्णालयांतल्या ३४७ रुग्णांचा पाठपुरावा छापला आणि सांगितलं, की जुन्या पद्धतीच्या लहरीची वीज आणि दोन्ही बाजूंचे झटके यांनी काहींची स्मृती महिन्यांनंतरही उणीच राहिली. ही तक्रार रुग्ण कित्येक वर्षं करत होते. अनेक डॉक्टर ती आजाराचा भाग म्हणून उडवून लावत. आज लहान ठोक्यांची यंत्रं आहेत, त्यांनी हा त्रास कमी झाला आहे, नाहीसा झालेला नाही. मरणाचा धोका लाखभर झटक्यांमागे दोनच्या आसपास, जवळपास भुलीचाच. आठवणींचा धोका त्याहून कितीतरी मोठा, आणि संमतीपत्रावर तो ठळक असायला हवा.

चेर्लेत्तीला स्वतःलाच हा झटका नकोसा झाला होता. आकडीने मेंदूत काहीतरी तारक द्रव्य तयार होत असणार, असं त्याला वाटे. झटके दिलेल्या डुकरांच्या मेंदूतून ते काढून रुग्णाला टोचायचं, म्हणजे झटक्याची गरजच उरणार नाही, यासाठी तो वर्षानुवर्षं झटला. ते द्रव्य त्याला मिळालं नाही. मेंदूतल्या रसायनांची, नव्या जोडण्यांची, रक्तप्रवाहाची अनेक स्पष्टीकरणं आज पुढे आहेत, त्यांतलं एकही सर्वमान्य नाही.

टोकावड्याच्या किंवा खर्डीच्या घरात उद्या कुणी बाळंतपणानंतर भ्रमिष्ट झाली, बाळाला घेईना, पाणी घेईना, आणि ठाण्याच्या डॉक्टरांनी शॉक सुचवला, तर घरच्यांनी विचारायचे प्रश्न सरळ आहेत. भूल कोण देणार? गोळ्यांनी होणार नाही, असं कशावरून? किती झटके, साधारण सहा ते बारा, की जास्त? आठवणींचं काय होईल? तिला स्वतःला सांगितलं का? नको म्हणाली तर मध्येच थांबवाल का? कायद्यातल्या संमतीच्या व्याख्येतच लिहिलं आहे, की धोके, फायदे आणि दुसरे पर्याय त्या व्यक्तीला समजेल अशा भाषेत आणि अशा रीतीने सांगितले पाहिजेत. शहापूरच्या पाड्यांवर ती भाषा ठाकूरांची किंवा कातकऱ्यांची बोली असते, आणि फॉर्म छापून येतो तो इंग्रजीत नाहीतर सरकारी मराठीत. तेव्हा सही किंवा अंगठा घेण्याआधी ती बोली बोलणारी आशाताई त्या खोलीत बसलेली असणं, ही या व्याख्येची पूर्तता आहे.